दुसऱ्या खेपेचा रस्सा

—नाही, तिथं नोको बसू, त्या गोट्यावर आता ऊन येते. इकडं ये, चुलीच्या अंगानं, सावली हाय. हो, इथंच. इथंच बसले होते तुहे बाबा. तुले तुमी म्हणू का तू म्हणू? म्हणजे तू दवाखान्यातली नर्स, शहरातली — पण देवमनभाऊची लेक म्हणजे आमच्या गावचीच लेक, मंग मी तूच म्हणते, राग नोको धरू. तुहं नाव मले त्या दिवशीच माहीत झालं, रूपा. माहं मनकर्णा. जगदेवनं बोटीत सांगतलंच असन, माहा मालक तो. नाही सांगतलं? तो आता बोलतच नाही कोणासंग. पाणी घे. माठातलं हाय, धरणाचं नाही. घे व माय, तोंड सुकलं तुहं.

काय खाल्लं त्यायनं? मरळ खाल्ली. सकाळी जाळ्यात आली होती, ताजी, हातभर लांब. अन् ज्वारीची भाकर, अन् रस्सा. आमच्या इथं दुसरं काय भेटते? लोकं मासे खायलेच येतात. पह्यले हे नुसती टेकडी होती बरं, आता बेट म्हणतात हिले. खाली गाव होतं आमचं — तू बोटीतून उतरली न, तिथून सरळ खाली, पाण्यात. धरण झालं, गाव उठलं, मेडशीच्या रोडले नेऊन बसवलं, अन् टेकडीचं डोस्कं तेवढं वर राह्यलं. आमी भोई, मासे धरणारे, पाणी सोडून कुठं जाऊ? जगदेवनं इथं खोपडी बांधली. मंग कोण्या पोट्ट्यानं मोबाईलवर टाकलं, बेटावरचे मासे म्हणून, तवापासून वाशिमचे येतात, मालेगावचे येतात, रिठदचे येतात. सकाळी येतात, खातात, फोटू काढतात, दिवस बुडाच्या आधी वापस. तसेच तुहे बाबा आले. एकटे आले. किन्हीराजाले पुतणीचं लगन होतं म्हणे, दुसऱ्या दिवशी ऑटो करून सरळ इकडं. कोणालेच सांगतलं नोतं. तुलेबी नाही, होय न?

तर आले, बसले, पोटभर जेवले, हासले, पाणी पेले, अन् बसल्या बसल्या मान टाकली. काही म्हणजे काही तरास नाही झाला त्यायले. जगदेव लगेच बोट घेऊन आला, आमी उचललं, पल्याड नेलं. बस, एवढंच. पोलिसालेबी मी हेच सांगतलं. चांगलं मरण आलं म्हणा बाई, भल्याभल्यायले येत नाही असं. आता तू एवढ्या दुरून आली, दोन घास खाऊन जाय. नाही? बरं. नोको खाऊ. तुह्या मनावर हाय.

असी कायले पाहून राह्यली माह्याकडं?

नाही, मी खोटं नाही बोलून राह्यली. चांगलेच होते ते. टेकडीभर फिरले आधी. इथून बोट करून दाखवत होते मले — तिथं आमची वस्ती, तिथं शाळा, तिथं चावडी — पाण्यावरून हात फिरवत होते अन् मी हो हो म्हणून राह्यली होती. मी सात वर्षाची होती, ते अकराचे असतीन, तवाचं सगळं त्यायले याद. मंग चुलीपाशी आले अन् उभेच राह्यले. म्हटलं, बसा न भाऊ. तर म्हणे, "मनकर्णे, इथं बसू? चुलीपाशी?" म्हटलं, मंग कुठं बसान? तर हासले. म्हणे, "तुह्या मायनं मले दारातून वाढलं होतं. आठवते का तुले?"

मी म्हटलं, नाही जी, मले काही आठवत नाही.

आठवत होतं, बाई. सगळं आठवत होतं. तुह्या आजीले बाळंतपणानंतर ताप होता, तिच्या तोंडाले चव नोती, तिनं मरळीचा रस्सा मांगतला होता. तुहे बाबा डेचकी घेऊन आले आमच्या दारात. माह्या मायनं हात वर करून, असा, उंचून, रस्सा सोडला त्या डेचकीत — शिवू नाही म्हणून. तशात एक तुकडा बाहीर पडला, मातीत. माय म्हणे, राहू दे, दुसरा टाकते. पण टाकलाच नाही तिनं दुसरा. अंदर गेली अन् कामाले लागली. तो पोरगा थोडा वेळ उभा राह्यला, मंग त्यानं तो तुकडा उचलला, नाल्यावर धुतला, डेचकीत टाकला अन् गेला. मी उंबऱ्यावर बसून पाहून राह्यली होती. तुहे बाबा हे सगळं हासत हासत सांगत होते अन् मी मान खाली घालून भाकर थापत होती. काय म्हणू मी? माय मरून वीस वर्षं झाली. तिच्या वतीनं मी काय म्हणू? म्हटलं, बसा भाऊ, चुलीले पाठ टेकून बसा.

पह्यल्या खेपेले एकच तुकडा अन् थोडासा रस्सा घेतला त्यायनं. स्वतःच म्हणे, थोडंच वाढ, छातीत नळी टाकेल हाय, मीठ नाही, तेल नाही, तिखट नाही, माही रूपा उकडेल भाज्या देते मले. तक्रार नोती बरं, कौतिकानं सांगत होते. रोज एक वाजता फोन करते म्हणे, जेवलो का इचारते, अन् काय जेवलो तेबी इचारते. आज तिले काय सांगू म्हणे. असे हासले. लहान लेकरावानी.

मले माहीत होतं मंग. हो. मले माहीत होतं त्यायनं खायचं नाही ते. आता तू एवढी समोर बसली तर कायले लपवू?

त्यायनं ताट पुसून खाल्लं. काटा न काटा चोखला. अन् मंग ताट पुढं केलं. म्हणे, "मनकर्णे, अजून वाढ." मी चुलीवरच्या रश्शाच्या गंजाकडं पाह्यलं. तर्री वर आली होती, लाल, मिठाचा हात माहा जडच हाय. मनात आलं, म्हणावं, पुरे करा भाऊ, तब्येत पाहा. हे एवढं तोंडावर आलं होतं माह्या. अन् त्यायनं ताट असं दोन्ही हातानं धरलं होतं — तू सांग, मी नाही म्हटलं असतं तर? माह्या घरातून त्या माणसाले पुन्हा एकडाव नाही? त्यायले काय वाटलं असतं? तब्येतीसाठी म्हणून राह्यली असं वाटलं असतं का मायसारखीच हाय असं वाटलं असतं? मले वाढणंच आलं. वाढलं. पळी भरभरून वाढलं, दोन तुकडे, डोस्क्याचा तुकडा वरून, अन् हातानं वाढलं, ताटाले हात लावून. ते पाहत होते माह्या हाताकडं. मंग जेवले. नुसते जेवले, डोयातून पाणी येत होतं, तिखटाचं का कायचं मी नाही इचारलं.

तू नर्स हाय. सांग मले. त्या दुसऱ्या खेपेच्या रश्शानं झालं का ते? दोन पळ्यानं माणूस मरते का? मी जगदेवले इचारलं तर तो म्हणते चूप बस. डॉक्टरले इचाराले कोण जाते? सव्वा महिना झाला, मी भाजीत मीठ टाकाले गेली का हात थांबते माहा. लोकं म्हणतात बाई मीठ कमी पडलं. मी म्हणते वरून घ्या.

पिशवीत काय धुंडून राह्यली? बरं. धुंड.

काय हाय तो कागद? मले वाचता येत नाही बारीक. अँबुलन्सचा? टाइम लिहेल हाय त्याच्यावर? किती? काठावर आली एक वाजून पंचवीस मिनिटाले. अन् पेशंट घेतला... दोन वाजून पंचेचाळीस. हं.

बसू दे मले जरा. धूर लागते डोयात.

जगदेव लगेच नोता आला. तुह्यासमोर खोटं नाही बोलत आता, कागदच घेऊन आली तू. त्या दिवशी सकाळी रिसोडकडचे चार जणं आले होते, ते बाराले पल्याड सोडले त्यानं. त्यायच्याजवळ बाटल्या होत्या. तिकडं, ते पळसाचं झाड दिसते न, त्याच्या मांगं बसले सगळे, अन् यालेबी बसवलं. रोज नाही पीत तो. आईच्यान, रोज नाही पीत. त्याच दिवशी बसला. पेला अन् तिथंच पडला. बोट पल्याडच्या काठाले बांधेल. अन् इथं आमी दोघं, मी अन् तुहे बाबा, चौफेर पाणी.

एक वाजला असन. हात धुवाले उठले अन् खालीच बसले. म्हणे, "मनकर्णे, छातीवर कोणी बसल्यावानी होऊन राह्यलं." घाम असा, पाण्यातून निघाल्यावानी. मी माह्या डबड्या फोनवरून जगदेवले लावला, वाजते अन् उचलत नाही. मंग अँबुलन्सले लावला. त्या पोरीनं चांगलं इचारलं, कोणतं गाव, कोणता रोड. म्हटलं, बाई रोड नाही, पाणी हाय, धरणात टेकडीवर हावो आमी. ती म्हणे, जवळचा रोड सांगा. सांगतला. अन् आलीबी बिचारी गाडी लवकरच! मी इथून पाहून राह्यली होती, पांढरी गाडी, वर तो दिवा फिरून राह्यला, दोन माणसं उतरले, खाटल्यासारखं काढलं, काठावर येऊन उभे. मी पदर हालवला. त्यायनं हात हालवला. बस. मधात पाणी. आवाज द्यावा तर आवाज पोचते, शब्द पोचत नाही. मी बोट, बोट म्हणून बोंबलत होती अन् ते कान पुढं करून उभे. बोट त्यायच्यापासून शंभर पावलावर, झुडपात. त्यायले दिसत नोती अन् मले सांगता येत नोतं, माह्या फोनची चार्जिंगबी तोवर संपली होती.

मी पाण्यात उतरली. खरं सांगते. धरण नवं होतं तवा हे सगळं पोहून जात होती मी. लुगडं खोचलं अन् छातीपावतर गेली. साठीचे गुडघे माहे, तरी गेली असती. तशात मांगून त्यायनं आवाज देला — "मनकर्णे, जाऊ नोको." काय करू? जाऊ का थांबू? गेली असती तर पोचलीबी नसती एखाद्या वेळेस. अन् पोचली असती तर बोट आणली असती. मी वापस आली. त्यायचं डोस्कं मांडीवर घेतलं. मले वाटलं माणसानं एकटं नाही राहावं. हेच वाटलं तवा. आता रोज वाटते का जायले पाह्यजे होतं.

शेवटी अँबुलन्सवाल्यायनं कोण्या गुराख्याले इचारलं, त्यानं जगदेवले पळसाखालून उठवलं, थोबाडीत मारून उठवलं म्हणे, अन् ते दोघं बोट घेऊन आले. तोपर्यंत झालं होतं. कधी झालं ते मलेबी नक्की सांगता येत नाही. आधी बोलत होते, मंग नुसतं मुठीत माहा पदर धरून होते, मंग पदर सुटला.

तवापासून जगदेव बोट सोडत नाही. पाह्यलं न तू? गिऱ्हाईक आलं तरी बोटीतच बसून, जेवणबी तिथंच नेऊन देते मी, त्याच्यात झोपते. पेणं बंद केलं. म्हटलं, आता बंद करून कोणाले दाखवून राह्यला? तर रडते. आता मी त्याले शिव्या देऊ का भाकर देऊ? दोन्ही देते.

फोन? हो, वाजत होता न तुहा फोन. त्यायच्या फोनवर. चटईवर पडेल होता, तुहा फोटू येत होता त्याच्यावर, चष्म्याचा. त्यायनं पाह्यलं. म्हणे, "उचलू नोको, रूपा रागावन." असे दुखण्यातबी हासले. पह्यला डाव मी नाही उचलला, त्यायनं नाही म्हटलं म्हणून. दुसऱ्या डावाले त्यायले बोलताच येत नोतं, मंग मी उचलाले गेली. माहे हात ओले, माशाचे, चिकट. तो काचेचा फोन, बोट फिरवलं तरी हालेच ना. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, हिरवा गोल तसाच. बंद झाला. तिसऱ्या डावालेबी तेच. मले तसा फोन वापरता येत नाही, बाई. असंच झालं. हात ओले होते.

पाच डाव केला तू. हो. मी मोजले नोते पण पाचच असतीन.

पाचवा.

पाचव्या डावाले हात कोरडे होते माहे. पदरानं पुसले होते मी, चांगले खसखसून पुसले होते, चौथा वाजून गेल्यावर, आता वाजला का उचलायचाच म्हणून. बोट असं ठेवलं होतं काचेवर. अन् वाजला. अन् तुहा फोटू आला. अन् मी... नाही उचलला. तवा श्वास चालू होता त्यायचा. घरघर होती पण चालू होता. मी त्या फोटूकडं पाहून राह्यली अन् मनात म्हटलं, काय सांगू हिले? आता ही इचारन, बाबा काय जेवले. रस्सा वाढला म्हणून सांगू? पुन्हा वाढला म्हणून सांगू? बोट नाही, मालक पेऊन पडला, हे सांगू? मले भेव वाटलं. एवढंच. दुसरं काही नाही. भेव वाटलं अन् तो वाजून वाजून बंद झाला. मी हे कोणाले नाही सांगतलं. पोलिसाले नाही, जगदेवले नाही. अन् उचलून तरी काय झालं असतं, तूच सांग? तू तिकडं, तीनशे किलोमीटर. तू काय बोट पाठवली असती? तू बी रडली असती अन् मी बी —

काय?

कोणती गोळी? छातीत दुखलं का घ्याची?

जिभीखाली? जिभीखाली ठेवाची? कुठं होती? सदऱ्यात? तो सदरा तर... गरमी होते म्हणून त्यायनं काढला होता, मीच घेतला त्यायच्या हातातून, त्या बोरीच्या फांदीवर टांगला मीच. इथून दहा पावलं नाही. अँबुलन्ससंग तसाच घडी करून देला मी. वरच्या खिशात? लहानशी डबी? अन् उघडेलच नोती ती? तुले सापडली तवा गच्च भरेल होती? मंग त्यायलेबी कसी याद नाही आली तिची?

म्हणजे मी फोन उचलला असता तर तू मले —

मंग ती डबी काहून नाही उघडली, हेच इचाराले आली होती तू? एवढंच? अन् मी येवढा वेळ... काहून नाही बोलली तू आधी? काहून मले बोलू देलं?

नाही, हात नोको लावू मले. नोको. उठ. ऊन कलंडलं, वारं सुटलं का पाणी उसळते मंग. जगदेव बसेल हाय बोटीत, त्याले काही सांगू नोको, डबीचं तर सांगूच नोको. जाय, बाई. जाय तू.